कागदी फुलांचा करार आणि आमचे बुडालेले ४,४९,७०० रुपये

सुकवलेल्या फुलांच्या धंद्यात ‘रोपे आमची, यंत्र आमचे आणि माल विकत घेणारेही आम्हीच’ असे सांगत जो कोणी आपल्या शेतापर्यंत येईल, त्याला बांधावरूनच परत पाठवावे, एवढ्यासाठी मी हे लिहीत आहे. आम्ही एकूण ४,६७,७०० रुपये भरले. त्यांतले १८,००० रुपये परत आले. उरलेल्या ४,४९,७०० रुपयांपैकी २,००,००० रुपये माझे दागिने पतसंस्थेत तारण ठेवून उभे केलेले होते आणि त्यांचे व्याज आजही चालू आहे. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही, पण तिची पद्धत मात्र तपशिलाने सांगते, कारण नाव बदलून हीच माणसे उद्या दुसऱ्या तालुक्यात उभी राहतील.

आम्ही सातारा जिल्ह्यातले, झेंडू आणि शेवंती पुण्याच्या गुलटेकडीला पाठवणारे शेतकरी. फुलशेती आम्हाला नवी नव्हती, हे मुद्दाम सांगते, कारण फसलेला माणूस अडाणी किंवा हावरा असलाच पाहिजे असे ऐकून घेण्याची मला आता चीड येते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळणारा भाव दसऱ्याच्या संध्याकाळी मिळत नाही आणि उरलेली फुले बाजाराच्या आवारातच टाकून रिकामी गाडी घेऊन घरी यावे लागते, हे ज्याने सोसले आहे त्याला ‘न नासणारे फूल’ ऐकून मोह का पडतो, ते समजेल. हा मोह हावरेपणाचा नव्हता. काढलेला माल चार महिने घरात ठेवता यावा आणि भाव पडला म्हणून त्याच रात्री तो फेकावा लागू नये, एवढीच ती इच्छा होती.

कंपनीची योजना हेलिक्रायसमची, म्हणजे ज्याला आपल्याकडे सर्रास कागदी फूल म्हणतात त्याची होती. जोडीला थोडे स्टॅटिस आणि थोडे बटनफूल. २० गुंठ्यांत १२,००० रोपे लावायची, प्रत्येक रोपाला २०० ग्रॅम फुले धरायची, म्हणजे २,४०० किलो माल, आणि सुक्या मालाला किलोमागे ७५० रुपये हमीभाव, म्हणजे १८,००,००० रुपये. हा हिशेब रंगीत पत्रकावर छापलेला होता. त्यात २०० ग्रॅम हे ताज्या फुलांचे वजन होते आणि ७५० रुपये हा सुक्या फुलांचा दर होता. फुलात बहुतेक भाग पाणीच असते. आमच्याकडे १० किलो ताजी फुले सुकून २ किलोही भरली नाहीत. म्हणजे पत्रक पूर्णपणे खरे मानले तरी आकडा पाचव्या हिश्श्याहून खाली येत होता. असे पत्रक कोणी पुढे केले, तर पहिला प्रश्न हाच विचारा की हे वजन ओले की सुके, आणि उत्तर लेखी मागा.

पैसे असे गेले. नोंदणी आणि प्रशिक्षण १५,००० रुपये. रोपे ९ रुपयांना एक, १,०८,००० रुपये. ट्रे असलेले वाळवणी यंत्र २,४५,००० रुपये. सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषून घेणारे दाणे, २०० किलो, १६० रुपये दराने ३२,००० रुपये. ‘गुणवत्ता अनामत’ म्हणून ५०,००० रुपये, माल दिल्यावर परत मिळणार या बोलीवर. आणि शेवटी, माल तयार झाल्यावर, ‘निर्यातपूर्व तपासणी’चे करासह १७,७०० रुपये.

यांतली सर्वांत मोठी लूट यंत्राची आणि जेलची होती, कारण हेलिक्रायसमला या दोन्ही गोष्टी लागतच नाहीत. या फुलाच्या पाकळ्या मुळातच कोरड्या, हाताला कुरकुरीत लागणाऱ्या असतात. फुले पूर्ण उमलण्याआधी, बाहेरच्या दोन-तीन ओळीच उघडलेल्या असताना खुडायची, जुड्या बांधून हवेशीर आणि अंधाऱ्या खोलीत उलटी टांगायची, की दोन-तीन आठवड्यांत ती सुकतात. अंधार हवा, कारण उन्हात रंग उडतो. स्टॅटिस आणि बटनफूलही असेच सुकते. सिलिका जेल गुलाबासारख्या नाजूक, पाणीदार पाकळ्यांच्या फुलांसाठी वापरतात, आणि तेही ओलावा धरून निळ्याचे गुलाबी झाले की तापवून पुन्हा पुन्हा वापरता येते. या फुलांच्या एका हंगामाला २०० किलो जेल लागत नाही. हे सर्व मला नंतर समजले. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत फुले सुकवण्याचे तंत्र शिकवतात आणि पुण्यात पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. पैसे भरण्याआधी अशा ठिकाणी एक दूरध्वनी करा. तशाच यंत्रासाठी मी पुढे दुसऱ्या उत्पादकाकडून दरपत्रक मागवले, ते ८६,००० रुपयांचे आले.

आता ज्या क्षणाने मला अजून झोप लागत नाही, तो सांगते. करारापूर्वी आम्हाला कंपनीची ‘प्रक्रिया शेड’ दाखवायला नेले होते. तेथे काचेच्या कपाटात सुकी फुले मांडलेली होती आणि त्यांत गडद निळ्या रंगाचे हेलिक्रायसम होते. हे फूल पांढरे, पिवळे, नारिंगी, गुलाबी, लाल, किरमिजी अशा रंगांत येते. निळे येत नाही. मी एक फूल हातात घेतले. हाताला घाम होता आणि बोटांच्या पेरांवर निळा डाग उमटला. फूल उलटून पाहिले, तर खालची तार आत शिरलेली नव्हती, गोंदाच्या गुठळीने चिकटवलेली होती. हेलिक्रायसमचा देठ सुकल्यावर फुलाचे वजन पेलत नाही, म्हणून फूल ताजे असतानाच त्यात तार खुपसतात. सुकताना फूल आकसते आणि तार घट्ट धरून ठेवते. ज्याने फूल स्वतः खुडून सुकवले आहे, त्याला गोंदाची गरज पडत नाही. कपाटातला माल बाजारातून आणलेला, रंगवलेला आणि मागाहून तार चिकटवलेला होता. त्या शेडमध्ये एकही फूल सुकवले जात नव्हते.

मी गप्प बसले नव्हते. मी विचारले. प्रतिनिधी म्हणाला, “ताई, परदेशातल्या गिऱ्हाइकाला रंगवलेलाच माल लागतो. तुतिकोरीनला जाऊन बघा, सगळा माल रंगवूनच जातो.” हे उत्तर अर्धे खरे होते आणि म्हणूनच ते चालून गेले. सुक्या फुलांचा मोठा व्यापार तमिळनाडूतल्या तुतिकोरीनकडून आणि कोलकात्याकडून होतो आणि तेथे मालाचा मूळ रंग घालवून तो रंगवतात, हे खरेच आहे. खऱ्या गोष्टीचा आधार घेऊन उत्तर देणाऱ्या माणसाला खोटारडा कसे म्हणायचे? मी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता, की न रंगवलेला, तुमच्या शेतकऱ्यांचा माल कोठे आहे. तो दाखवा. तुम्ही हा प्रश्न जरूर विचारा, आणि फुलाचा रंग सुटतो का ते पुसून पाहायला जाताना पांढरे ओले फडके खिशात ठेवा.

पुढचे सर्व ठरल्याप्रमाणे घडले, म्हणजे त्यांनी ठरवल्याप्रमाणे. रोपे नोव्हेंबरमध्ये आली, जानेवारीअखेर फुले लागली. त्यांचा प्रशिक्षक शेतावर येऊन सांगून गेला की फूल पूर्ण उमलू द्या, वजन जास्त भरते. आम्ही तसेच केले. पहिला २४ किलोंचा माल त्यांनी कोणतीही कटकट न करता उचलला आणि १८,००० रुपये खात्यात जमा केले. त्या पैशांच्या भरवशावर शेजारच्या गावातल्या आणखी कुटुंबांनी नोंदणी केली, याचे मला सर्वाधिक दुःख आहे. दुसरा माल ९६ किलोंचा होता. त्याचा ७२,००० रुपयांचा धनादेश दिला, तो न वटता परत आला. उरलेला १४० किलो माल ‘ए’ प्रतीचा नाही म्हणून नाकारला. कारण काय दिले? फुले पूर्ण उमललेली आहेत, मधला भाग उघडा पडून तपकिरी झाला आहे. खुडल्यानंतरही हे फूल सुकता सुकता उमलत राहते, म्हणूनच ते आधी खुडायचे असते. म्हणजे ज्या कारणासाठी माल नाकारायचा, तेच कारण त्यांच्या प्रशिक्षकाने आमच्याकडून आमच्याच हातांनी तयार करून घेतले होते.

नाकारलेला माल जूनपर्यंत घरात होता. सुकी फुले हवेतला ओलावा ओढून घेतात. पहिल्या पावसात पोत्यांना कुबट वास येऊ लागला आणि पाकळ्यांवर भुरी धरली. तुतिकोरीनच्या एका व्यापाऱ्याने आधी चांगल्या मालाला जो दर सांगितला होता, तो कंपनीच्या हमीभावाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी होता. भुरी धरल्यावर त्याने मालच नको म्हटले.

यानंतर आम्ही सरकारच्या दारात गेलो. करारात लिहिले होते की वाद झाल्यास ‘२०२०च्या केंद्रीय शेती करार कायद्यानुसार’ प्रांताधिकारी निवाडा करतील. ते कलम वाचून आम्हाला केवढा धीर आला होता! प्रांत कार्यालयातल्या लिपिकाने करार हातातही घेतला नाही. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगित केला होता आणि संसदेने त्याच वर्षाच्या अखेरीस रद्द केला. आमचा करार त्यानंतरचा. म्हणजे आम्हाला अस्तित्वात नसलेल्या कायद्याचे संरक्षण ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून दिले होते, आणि ते नोटरीने शिक्का मारून साक्षांकित केले होते. ज्या देशात रद्द झालेल्या कायद्याच्या नावाने शेतकऱ्याची सही घेतली जाते, तेथे ती फसवणूक नाही तर काय आहे, असे मी विचारले. “तुम्ही वाचून सही करायला हवी होती,” असे मला सांगण्यात आले.

पोलीस ठाण्यात पहिले वाक्य होते, “मॅडम, हा दिवाणी वाद आहे.” दुसरे होते, “कंपनीचे कार्यालय पुण्यात आहे, तिकडे तक्रार द्या.” पुण्यात सांगितले की शेत साताऱ्यात आहे, तिकडे द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हे वकिलाकडून लिहून नेले, तेव्हा ठाणे अंमलदार म्हणाले, “वकिलालाच घेऊन यायचे होते.” तक्रार घेतली तीही साध्या अर्ज चौकशीत टाकली. आर्थिक गुन्हे शाखेत आमची ५०,००० रुपयांची परतीची अनामत दाखवून ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९चा कायदा लावा म्हणून विनंती केली. ही ठेव नाही, व्यापारी अनामत आहे, असे उत्तर मिळाले. तालुका कृषी अधिकारी म्हणाले की ते फळांच्या रोपवाटिकांचे परवाने पाहतात, फुलांच्या रोपांशी त्यांचा संबंध नाही. बाजार समितीत सांगितले की या कराराची त्यांच्याकडे नोंदच नाही. प्रत्येक कार्यालयाला आपली हद्द नेमकी ठाऊक होती. आमच्या पैशांवर डल्ला मारणाऱ्याला कोणत्याच हद्दीचा अडथळा आला नाही. पत्रके वाटताना, मेळावा घेताना, ग्रामपंचायतीचे सभागृह वापरताना त्याला कोणीही परवाना विचारला नाही. परवाना, पुरावा, अधिकारक्षेत्र हे सर्व शब्द फक्त आमच्यासाठी राखून ठेवलेले होते. याच पट्ट्यात २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखाली असंख्य शेतकऱ्यांना गंडा घातला गेला होता. परत विकत घेण्याच्या बोलीवर माल गळ्यात मारण्याची ही पद्धत पोलिसांना आणि महसूल खात्याला नवी कशी असेल? तरीही प्रत्येक नवा बळी हा त्यांच्या लेखी पहिलाच असतो आणि तोच चौकशीचा विषय होतो.

करार एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाने होता आणि पैसे मात्र दुसऱ्याच व्यक्तीच्या एकल मालकीच्या खात्यावर घेतले होते. पावतीवरचा जीएसटी क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर तो रद्द झालेला निघाला. ही तपासणी मोबाईलवर दोन मिनिटांत होते आणि ती पैसे पाठवण्याआधी करायची असते. खात्यावरचे नाव आणि करारावरचे नाव एक नसेल, तर रक्कम कितीही लहान असो, पाठवू नका. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर त्याच क्षणी कळवा.

धनादेशाच्या बाबतीत आम्ही वेळ गमावला नाही. बँकेचा न वटल्याचा शेरा हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते, समोरच्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात धनादेश न वटल्याच्या गुन्ह्याच्या, म्हणजे चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फिर्याद दाखल करावी लागते. ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा भरा’ असे गोड बोलून तुमचे दिवस संपवणे, हाच त्यांचा डाव असतो. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची तक्रार आधी ठाण्यात, मग लेखी पोलीस अधीक्षकांकडे आणि तरीही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे नेता येते. आमची तेथे आहे.

जिल्हा ग्राहक आयोगातही दावा केला आहे. ५,००,००० रुपयांपर्यंतच्या दाव्याला तेथे शुल्क नाही, पण मुदत दोन वर्षांची आहे. ‘हा व्यापारी व्यवहार आहे, तुम्ही ग्राहक नाही’ अशी हरकत कंपनीच्या वकिलाने घेतलीच. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, पीक परत विकत घेण्याची व्यवस्था असली तरी बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहकच असतो, असे म्हटले आहे. त्या निकालाची प्रत आम्ही जोडली आहे. ज्यांनी अशाच करारावर सह्या केल्या आहेत, त्यांनी मूळ करार, पत्रक, रोपांच्या पावत्या, प्रशिक्षकाचे फोनवरचे संदेश आणि नाकारलेल्या मालाचा किलोभर नमुना हवाबंद डब्यात जपून ठेवावा. आमचा नमुना पावसाने खराब झाला आणि त्यांचा वकील आता नेमका तोच मागत आहे.