डोमेन विकताना: सात दिवसांचा लिलाव की ठोक किंमत?

सात दिवसांच्या लिलावात बोली लावायला येतात ते बहुतेक आपल्यासारखेच डोमेनवाले, म्हणजे वेबसाइटची नावं घेऊन विकणारे. त्यांना नाव पुढे विकायचं असतं, म्हणून ते घाऊक भावाच्या वर सहसा जात नाहीत. ज्याला त्या नावाने खरोखर दुकान, क्लिनिक किंवा ॲप काढायचंय, तो लिलावाच्या पानावर क्वचितच फिरकतो. तो रजिस्ट्रारच्या, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, सर्चमध्ये नाव टाकतो आणि ‘हे घेतलेलं आहे, पण अमुक डॉलरला मिळेल’ असं दिसलं की कार्ड काढतो. सेडो किंवा गोडॅडी ऑक्शन्स या लिलावाच्या साइटवर नाव बोलीला लावायचं की आफ्टरनिक या विक्रीच्या साइटवर ठोक, म्हणजे एकच ठरलेली किंमत लिहून वाट बघायची, हे ठरवण्याआधी यातलं कुठलं गिऱ्हाईक हवंय ते ठरवलेलं बरं.

आफ्टरनिक २०१३ पासून गोडॅडी या रजिस्ट्रारचं आहे. २०२२ मध्ये गोडॅडीने डॅन ही अशीच विक्रीची साइटही घेतली. आफ्टरनिकवरची किंमत अनेक रजिस्ट्रारांच्या सर्चमध्ये दिसते, मात्र फास्ट ट्रान्सफर, म्हणजे विक्री होताच नाव आपोआप खरेदीदाराकडे जायची सोय, चालू हवं. त्यासाठी नाव ही सोय देणाऱ्या रजिस्ट्रारकडे असावं लागतं आणि रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन एकदा संमती द्यावी लागते. ही संमती राहून जाते आणि नाव वर्षभर नुसतं पडून राहतं. सेडोचंही सेडोएमएलएस नावाचं असंच जाळं आहे. तिथे विक्री सेडोच्या स्वतःच्या पानावरून झाली की कमिशन कमी, भागीदार रजिस्ट्रारकडून झाली की जास्त. शिवाय किमान कमिशन ठरलेलं असल्याने स्वस्त नावात हाती फारसं उरत नाही.

आफ्टरनिकचं गणित सोपं आहे: नेमसर्व्हर (नाव टाकल्यावर कुठलं पान उघडायचं ते सांगणारे सर्व्हर) त्यांचे ठेवले तर कमिशन १५ टक्के, नाहीतर २५. हजार डॉलरच्या विक्रीत ८५० की ७५०, हाती एवढा फरक. दर बदलत असतात, तेव्हा नाव टाकण्याआधी त्यांचं पान एकदा उघडून बघा.

नेमसर्व्हर बदलताना दोन गोष्टी हमखास नडतात. डीएनएसएसईसी (नावाच्या नोंदी खऱ्या आहेत का ते तपासणारी सुरक्षा) चालू असेल तर आधी तिची डीएस रेकॉर्ड ही नोंद काढा. ती तशीच राहिली तर नवे नेमसर्व्हर अगदी बरोबर टाकूनही बऱ्याच लोकांकडे पान उघडत नाही आणि ‘विकायला आहे’ ही पाटी कुणाला दिसत नाही. दुसरं, त्या नावावर मेलबॉक्स असेल तर नेमसर्व्हर बदलल्यावर मेल कुठे पोचवायची ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड जातात आणि मेल बंद पडते. रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल दिलेला असेल तर नूतनीकरणाची आठवणही येत नाही. मुदत उलटल्यावर रजिस्ट्रारप्रमाणे ० ते ४५ दिवसांची सवलत असते, त्यानंतर ३० दिवस रिडेम्पशन (सोडवणुकीची मुदत), तेव्हा नाव सोडवायला दंड मोजावा लागतो, आणि शेवटी ५ दिवस पेंडिंग डिलीट (पुसलं जायची वाट). तिथून पुढे नाव कुणाचंही.

लिलावाच्या बाजूनेही बोलायला हवं. सेडोवर कुणाची ऑफर आली की ती लगेच न स्वीकारता तीच पहिली बोली धरून लिलाव लावता येतो. तळ ठरलेला असतो आणि जे येईल ते वरचं. एकाच महिन्यात दोन वेगवेगळ्या लोकांनी विचारणा केली असेल तर हा मार्ग सरसच. चार अक्षरी डॉट कॉम किंवा एकशब्दी नावाला डोमेनवालेच एकमेकांशी भिडतात, तिथेही लिलाव शोभतो. तीस-चाळीस नावं साफ करायची आहेत, नूतनीकरण तोंडावर आलंय, अशा वेळी घाऊक भावही पुष्कळ. गोडॅडी ऑक्शन्सवर मात्र आपलं नाव मुदत संपलेल्या हजारो नावांच्या गर्दीत पडतं. त्या नावांना जुन्या बॅकलिंक (इतर साइटवरून आलेल्या लिंक) असतात, म्हणून बघणाऱ्यांची नजर तिकडेच जाते.

आता माझा कौल ज्यामुळे ठोक किंमतीकडे फिरला ती कटकट. ती एखाद्या साइटची नाही, खुल्या लिलावाचीच आहे: जिंकणारा पैसे भरत नाही. सात दिवस बोली चालते, शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, आकडा बरा येतो. मग पैसे भरायची मुदत, मग आठवण, मग दुसरी आठवण. जिंकणाऱ्याला त्या नावाचं पुढचं गिऱ्हाईक मिळालेलं नसतं, म्हणून तो गप्प. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला विचारावं तर त्याने तेवढ्यात दुसरं नाव घेतलेलं. दोन-तीन आठवडे नाव अडकून पडतं, कारण या काळात ते दुसरीकडे विकता येत नाही. साइट फार तर त्या माणसाचं खातं बंद करते. आपल्याला त्यातून छदामही मिळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे आकडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. १४० डॉलरवर थांबलेलं नाव तुम्ही पुढच्या महिन्यात १,५००ला लावलं, तर विचारणा करणाऱ्या दलालाला ते १४० नेमके आठवतात. ठोक किंमतीत दोन वर्षं गिऱ्हाईक नाही आलं तरी नाव नासत नाही. खर्च काय तो नूतनीकरणाचा.

ठोक किंमतीतही पाणी मुरतं. आफ्टरनिकवर तीन रकाने असतात: बाय नाऊ (लगेच विकत घ्यायची किंमत), फ्लोअर आणि किमान ऑफर. फ्लोअर म्हणजे त्यांच्या एजंटने तुम्हाला न विचारता सौदा करावा असा आकडा. बाय नाऊ २,४०० आणि फ्लोअर १,२०० ठेवलं तर सौदा १,२००लाच होईल असं धरून चाला. मी तरी फ्लोअर रिकामं ठेवतो, नाहीतर बाय नाऊइतकंच. हप्त्याने विकायची सोयही आहे, पण लहान रकमेसाठी ती उगाच लांबड वाटते.

ताबा देण्याच्या बाबतीत दोन्ही मार्ग जवळपास सारखे. नोंदणीला किंवा मागच्या ट्रान्सफरला ६० दिवस झालेले नसतील तर नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलत नाही. नोंदणीकृत मालकाचं नाव बदललं तरी असंच ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं, म्हणून विक्रीआधी तो तपशील उगाच दुरुस्त करायला जाऊ नका. खरेदीदाराचं खातं त्याच रजिस्ट्रारकडे असेल तर पुश करा, म्हणजे नाव थेट त्याच्या खात्यात टाका, काही मिनिटांत काम होतं. नसेल तर कुलूप उघडायचं, ऑथ कोड (नाव हलवायचा पासवर्ड) द्यायचा आणि पाचेक दिवस थांबायचं. डॉट इन असेल तर फास्ट ट्रान्सफर लागू आहे का ते आधी बघा. डॉट भारतच्या देवनागरी नावांना मात्र पुनर्विक्रीत गिऱ्हाईक जवळपास नाही. बऱ्याच याद्यांत ती ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या कोडच्या रूपात दिसतात आणि वाचणाऱ्याला ती काय आहेत तेच कळत नाही.

पैसे भारतात घ्यायचे तर बँक खात्यावरचं तुमचं नाव आणि साइटवरचं तुमचं नाव अक्षरशः एक ठेवा. आद्याक्षर एकीकडे आणि वडिलांचं पूर्ण नाव दुसरीकडे, एवढ्यावरही वायर, म्हणजे परदेशातून थेट बँकेत येणारी रक्कम, अडकते. बँक पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा कोड) विचारेल, अमेरिकी साइट डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म भरून मागेल. पेपालवर घेतलेत तर पैसे आपोआप बँकेत जातात, पण डॉलरचा दर पेपालचा, तो बाजारभावापेक्षा कमी. हजार-दोन हजार डॉलरच्या वर वायरच परवडते असं मला वाटतं.

लिलावच करायचा असेल तर शेवट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी येईल असा बघा, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास, मंगळवार किंवा बुधवार. आणि बोली सुरू करण्याआधी बाकी सगळीकडची बाय नाऊ किंमत उतरवा. फास्ट ट्रान्सफर चालू राहिलं आणि त्याच आठवड्यात कुणी तिकडून विकत घेतलं, तर एकच नाव दोघांना विकलेलं असतं आणि दोघेही पावती दाखवतात.