उन्हवरे की राजापूरचं उन्हाळे?

थंडीत कोकणात आलात आणि गरम पाण्यात बुडायचंच असेल, तर माझं मत उन्हवऱ्याला. दापोली तालुक्यातलं हे गाव आडवाटेला, रस्ता वळणावळणाचा. पण पाणी खरोखर कढत. झऱ्याच्या तोंडाशी ते सत्तर अंशांच्या आसपास असतं, तिथं बोटही टेकवू नये. बायका-पुरुषांची कुंडं वेगळी. आधी तांब्याने पायांवर घ्यायचं, मग हळूहळू आत. गंधकाचा वास टॉवेलाला दोन दिवस राहतो, आणि चांदीची अंगठी काळी पडते. माझी पडली.

राजापूरजवळच्या उन्हाळे गावात हा धसका नाही. पाणी सोसवेल इतकंच गरम, गोमुखातून पडतं. खाली खांदे धरून उभं राहायचं. म्हातारी माणसं, पोरं बरोबर असतील तर हेच बरं. राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधून अचानक प्रकटणारा झरा, आलेली असली तर तीही जवळच, चौदा कुंडांची.

दोन्हीकडे ज्वालामुखीबिलामुखी काही नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल मुरतं, तिथं तापतं आणि वर येतं. फक्त दहा-पंधरा मिनिटांवर आत बसू नका, चक्कर येते. बाहेर आल्यावर भरपूर पाणी प्या.