टीटीटीएस झाला तर लेझर की नुसतं पाणी काढणं?

एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत १०० पैकी साधारण १०-१५ जोड्यांना टीटीटीएस (ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्युजन सिंड्रोम) होतो, म्हणजे वारेतल्या जोडलेल्या रक्तवाहिन्यांतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं, एकाभोवती पाणी खूप साचतं नि दुसरं पार कोरडं पडतं. सुईने जास्तीचं पाणी काढणं सोपं, पोटाचा ताण लगेच कमी होतो, पण मूळ कारण तसंच राहतं ना, पाणी परत भरतं. लेझरमध्ये गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून त्या जोडवाहिन्याच बंद करतात. या दोन उपचारांची तुलना करणाऱ्या २००४ च्या युरोफीटस ट्रायलमध्ये किमान एक बाळ २८ दिवसांपर्यंत जगण्याचं प्रमाण लेझरने ७६ टक्के, पाणी काढून ५६ टक्के आलं, मेंदूची इजाही लेझरवाल्यांत कमी. रिस्क आहेच, बाळाभोवतीची पाण्याची पिशवी लवकर फुटू शकते, एखादं बाळ जाऊही शकतं. तरी १६ ते २६ आठवड्यांत सापडलं आणि स्टेज दोन (म्हणजे कोरड्या बाळाचं मूत्राशय सोनोग्राफीत दिसेनासं होतं) किंवा पुढची असेल तर माझ्या मते लेझरच, दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी जा. त्यापेक्षा उशीर झाला तर मात्र बहुतेक वेळा पाणी काढणं किंवा डिलिव्हरी एवढंच हातात उरतं, म्हणून प्लीज १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका आणि मधेच पोट एकदम वाढलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.