कोळ्याच्या पेटीसाठी गवत घेताना मी दोनदा फसले, तुम्ही फसू नका

भाद्रपद सरत आला की आमच्या शाळेच्या मैदानावर सकाळी दवाने भिजलेली जाळी दिसतात. गवतावर पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखी. मधोमध नरसाळ्यासारखं भोक आणि त्याच्या तोंडाशी पुढचे पाय बाहेर काढून बसलेला कोळी. हा हिप्पासा. लांडगा कोळ्यांच्या कुळातला, पण त्यातल्या बहुतेकांसारखा धावत शिकार न करता जाळं विणून वाट बघणारा. सहावीच्या मुलांना मी दर वर्षी तो दाखवते. गेल्या वर्षी मुलांनी हट्टच धरला, "बाई, वर्गात काचेच्या पेटीत ठेवूया ना, जाळं विणताना बघता येईल."

हिप्पासा ठेवायचा तर जिवंत गवत हवंच. त्याचं जाळं पात्यांना ताणलेलं असतं आणि नळी गवताच्या बुडख्यात उतरते. पात्यांवरचं पाणीही तो पितो. म्हणून मी गवत शोधायला लागले.

मोबाइलवर जाहिरात दिसली. "टेरॅरियम ग्रास, सात दिवसांत हिरवा गालिचा." टेरॅरियम म्हणजे अशीच काचेची पेटी. फोटोत मखमलीसारखं गवत आणि त्यावर केसाळ टॅरँट्युला कोळी. दोन पाकिटांचे ३९९ रुपये, पैसे पार्सल आल्यावर. आलं ते चंदेरी पाकीट, वर नुसतं स्टिकर. बियाण्याच्या पाकिटावर जातीचं नाव, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख असते. यावर त्यातलं काहीच नव्हतं. तेव्हाच ते परत करायला हवं होतं.

बी ओलं झालं तसं प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण धरलं. फालुद्यातल्या सब्जाला धरतं तसंच. चौथ्या दिवशी हिरवे ठिपके दिसले आणि वर्गात आरडाओरडा झाला. एक मुलगी भिंग घेऊन बराच वेळ वाकून बसली होती. ती म्हणाली, "बाई, ह्याला दोन पानं आहेत." गवत एकदल. उगवताना सुईसारखं एकच पातं वर काढतं. इथे प्रत्येक देठावर दोन गोल पानं होती. म्हणजे हे गवत नव्हतंच. पंधरा दिवसांत सगळ्या रोपांनी माना टाकल्या आणि मातीवर पांढरी बुरशी आली.

मासे पाळणाऱ्यांनाही असलंच बी "कार्पेट प्लांट" म्हणून विकतात. टाकीत ते उगवतं, दोन-तीन आठवड्यांत कुजतं आणि पाणी घाण करतं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "पाणी जास्त घातलंत." दुसऱ्या दिवसापासून त्याने माझा नंबरच ब्लॉक केला.

त्याआधी याच माणसाने मला विंचूही देऊ केला होता. कुठल्या जातीचा म्हणून विचारलं तर "काळा, पाळीव" एवढंच. आपल्या कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुलं दगावत होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यांचे जीव वाचवले. त्याच महाराष्ट्रात जातीचं नाव न सांगता कुणी विंचू पार्सलने पाठवायला निघतो, याचा मला आजही संताप येतो.

मग मी गावातल्या नर्सरीत गेले. पेटीत कोळी ठेवायचा आहे, फवारलेलं नको, असं स्पष्ट सांगितलं. मालक म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे सगळं सेंद्रिय. बिनधास्त न्या." मेक्सिकन लॉनचा दोन चौरस फुटांचा तुकडा, ट्रेमध्ये बसवून, "खास प्राण्यांसाठी" म्हणून, नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट दराने त्यांनी दिला. बिल मागितलं नाही, ही माझी चूक.

मैदानावरून आम्ही एक मादी आणली. पोटामागे राखाडी अंडकोश चिकटलेला होता. मुलांनी नाव ठेवलं नाही, पण सगळे तिला "आई" म्हणायला लागले. रात्रभरात तिने एक धागाही विणला नाही. सकाळी बघितलं तर पाय थरथरत होते, सपाट मातीवरही ती कलंडत होती. दुपारपर्यंत उताणी पडली आणि आठही पाय आत वळले. कोळी पाय लांब करतो तो मुख्यतः आतल्या द्रवाच्या दाबाने. दाब गेला की पाय असे मिटतात. हे मी शिकवते, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. अंडकोश वेगळ्या डबीत ठेवला. त्यातून काहीच बाहेर आलं नाही.

ट्रे घेऊन नर्सरीत गेले. मालक नव्हते. कामावरचा मुलगा सहज बोलून गेला, "वाळवी लागते ना, क्लोरोपायरीफॉस सोडतोच आम्ही. गेल्या आठवड्यातच सोडलं." मातीत सोडलेलं हे कीटकनाशक लवकर जात नाही. मालक आल्यावर म्हणाले, "माणसाला काही होत नाही त्याने." पैसे मिळाले नाहीत.

म्हणून सांगते, नर्सरीत "सेंद्रिय आहे का" असं विचारू नका, हो म्हणतातच. वाळवीला काय सोडता, मुळं खाणाऱ्या हुमणीला काय टाकता, शेवटचं कधी टाकलं, असं विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. घरी आणल्यावर गवताचा ढेकूळ काचेच्या बरणीत ठेवून त्यात केळ्याच्या सालीवरची चिलटं सोडा, तोंडाला कापड बांधा. दोन दिवसांत ती पटापट मेली तर त्या मातीत कोळी, विंचू काहीच ठेवू नका. ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दिसतो का ते आधी बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तो द्यावाच लागतो आणि तक्रारीची पोच ४८ तासांत मिळायला हवी. नाही मिळाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाकीट, फोटो, संदेश जपून ठेवा. मी जाहिरातीचा फोटोच काढला नव्हता, तिथे माझी तक्रार अडली.

खरं तर लागणारं गवत फुकट मिळतं. हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. जिथे कधीच फवारणी झालेली नाही अशा जागेची माती घ्या, हरळीच्या बोटभर काड्या आडव्या पुरा. पेराला माती लागली की मुळं फुटतात. तीन-चार आठवड्यांत कुंडी भरते. अडचण एकच, हरळीला कडक ऊन लागतं आणि उन्हात ठेवलेली काचेची पेटी भट्टीसारखी तापते. त्यामुळे आम्ही दोन कुंड्या करतो. एक पेटीत सावलीला, दुसरी कठड्यावर उन्हात. आठ दिवसांनी कोळी मैदानावर सोडतो आणि पिवळी पडलेली कुंडी उन्हात नेतो.

या वर्षी तिसऱ्या रात्री जाळं झालं. भिंगवाली मुलगी आता सातवीत आहे. मधल्या सुट्टीत ती आमच्या वर्गात आली, पेटीवर वाकली आणि नळीच्या तोंडाशी आलेले दोन पाय तिने सगळ्यांना दाखवले.