परसात एकाच झाडाची जागा असेल तर: पेरू की चिकू?

घरामागे थोडी मोकळी जागा आहे, दिवसभर ऊन आहे आणि आंब्याच्या पसाऱ्याला मन धजत नाही. अशा वेळी प्रश्न बहुतेकदा पेरू आणि चिकू या दोघांवर येऊन थांबतो. आमच्या सांगलीच्या घरी आधी पेरू होता, अकरा वर्षं. आता त्याच कोपऱ्यात चिकू आहे, त्यालाही नऊ वर्षं होतील. माती तीच, ऊन तेच, न्हाणीचं पाणीही तेच. तेवढ्या अनुभवावर लिहितोय. बागायतदाराचा हिशेब वेगळा निघू शकतो.

सुरुवातीची काही वर्षं पेरूच उजवा वाटतो, हे आधीच मान्य करतो. कलम लावलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ हातात येतं. आमच्या चिकूने चौथ्या वर्षी सात-आठ फळं दाखवली आणि शेजारी वाटण्याइतके चिकू व्हायला सातवं वर्ष उजाडलं. दुसरं म्हणजे पेरूला फूल नव्या फुटीवर येतं. त्यामुळे छाटणी केली की झाड हाताच्या उंचीवर राहतं आणि फळही वाढतं. चिकूचं फूल फांदीच्या शेंड्याकडे असतं. शेंडे छाटत राहिलात तर त्याबरोबर फळंही जातात, म्हणून त्याला वाढूच द्यावं लागतं. भिंतीपासून दहा-बारा फूट सोडता येत नसतील तर पेरूच लावा, त्यात दुमत नाही.

आमचा पेरू सरदार होता. एल-४९ म्हणतात तोच, पुण्याच्या गणेशखिंडीत १९२७ मध्ये निवडलेला वाण. डिसेंबरातल्या थंडीत सकाळी तोडलेल्या त्या पेरूची चव अजून जिभेवर आहे. बिया मऊ, गर पांढरा, वास घरभर. त्या दोन महिन्यांसाठी मी त्याला बरीच वर्षं सांभाळला.

पण वर्षाचे बाकीचे महिनेही असतात. एका श्रावणात बहिणीची मुलं आली होती. धाकट्याने स्वतः काठीने पेरू पाडला. वरून छान पिवळसर, कुठे डाग नाही. मीठ-तिखटाची वाटी घेऊन तो पायरीवर बसला. मी फोडी केल्या तर मधला गर हलताना दिसला. बियांभोवती तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या होत्या, त्यातली एक उसळी मारून ताटलीबाहेर पडली. नंतर साल निरखून पाहिली तेव्हा टाचणी टोचावी तेवढा एक ठिपका सापडला. फळमाशी तिथे अंडी घालून गेली होती. त्या मुलाने पुढे आमच्याकडचा पेरू कधी खाल्ला नाही, डिसेंबरातलासुद्धा नाही. याचं मला फार वाईट वाटलं.

जाणकार म्हणतील, पावसाळ्यातलं फळ धरायचंच नाही. बरोबरच आहे. आंबे बहाराची (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) फुलं फेब्रुवारी-मार्चला येतात आणि फळ नेमकं पावसात पिकतं, जेव्हा माशी सर्वांत जास्त असते. त्याऐवजी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, म्हणजे जूनमध्ये मृग बहार फुटतो आणि फळ थंडीत मिळतं. बागेत हे जमतं. परसात कसं जमणार? आमच्याकडे न्हाणीचं पाणी पन्हळीने थेट त्या कोपऱ्यात जातं. घरात पाच माणसं, रोजच्या आंघोळी. ऐन मे महिन्यातही झाडाखालची माती ओली. ताण म्हणून कसला बसायचा नाही, त्यामुळे पेरूला वाटेल तेव्हा फूल यायचं आणि निम्मं पीक पावसात सापडायचं.

मी मिथिल युजेनॉलचा, म्हणजे फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या रसायनाचा, सापळाही लावला. त्यात माश्या खूप पडत, पण सगळे नर. अंडी घालणाऱ्या माद्या शेजारपाजारच्या झाडांवरून येतच राहिल्या. फळांना कागदी पिशव्या बांधल्या, त्याचा उपयोग नक्की झाला. पिशवीतलं फळ स्वच्छ निघालं. पण शिडीवर चढून दीड-दोनशे पिशव्या बांधणं दोन हंगाम जमलं, तिसऱ्या वर्षी नाही. शिवाय पडलेलं प्रत्येक फळ रोज वेचून लांब टाकावं लागतं, कारण अळी फळातून उतरून मातीत कोष करते आणि तिथूनच पुढची माशी निघते. एक आठवडा गावाला गेलो की सगळी मेहनत पाण्यात.

चिकूचं उलट आहे. त्याला ताण नकोच असतो. एकाच फांदीवर फूल, सुपारीएवढी फळं आणि तोडायला आलेली फळं एकत्र दिसतात. फुलापासून फळ तयार व्हायला आठ-दहा महिने लागतात आणि तेवढा काळ त्याला ओल हवी असते. भर उन्हाळ्यात पाणी तुटलं तर फुलं गळतात. म्हणजे पेरूच्या बाबतीत जे पाणी आमची अडचण होतं, त्याच पाण्यावर चिकू पोसला गेला. आंघोळीच्या साबणाचं त्याला काही झालेलं नाही. भांड्यांचं तेलकट पाणी मात्र मी त्या बाजूला जाऊ देत नाही.

आणखी एक गोष्ट अनुभवातून कळली. पेरूची चव झाडावर पिकल्यावरच खुलते, आणि रंग बदलू लागला की माशी आणि राघू दोघंही येतात. चिकू टणक असतानाच उतरवायचा असतो. झाडावर विसरलेले चिकू रात्री वटवाघळं नेतात, खाली उष्ट्या साली पडलेल्या दिसतात, पण बाकीचे आपल्या हाती लागलेले असतात.

कधी उतरवायचा हे ओळखणं मात्र चिकूची खरी कटकट आहे, आणि फळं येऊ लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत आम्ही बरेच चिकू वाया घालवले. कोवळा तोडला तर तो पिकत नाही, नुसता सुरकुततो, आणि खाल्ला तर घशाला चीक चिकटतो. आता मी नखाने साल किंचित खरवडून बघतो. आत हिरवं दिसलं आणि दुधाचा थेंब आला तर हात मागे घ्यायचा. पिवळसर दिसलं आणि वरचा तपकिरी भुसा अंगठ्याने सहज निघाला तर तोडायचा. मग धुऊन, पुसून तांदळाच्या डब्यात. चार-पाच दिवसांत देठाजवळ बोटाने दाबलं जातं. आत काळी चकचकीत बी, फारतर तीन-चार. लहान मुलांना देताना ती काढूनच द्या, तिच्या टोकाला आकडा असतो.

सावलीचंही लक्षात घ्या. चिकूखाली गडद सावली पडते आणि पानं वर्षभर थोडीथोडी गळतात. आमचा कढीपत्ता आणि मोगरा त्यापायी गेला. पेरूखाली हे दोन्ही तग धरून होते.

तर ज्यांना उन्हाळ्यात झाडाचं पाणी खरंच तोडता येतं, त्यांनी पेरूचा विचार जरूर करावा. हिवाळी सरदाराला तोड नाही. पाणी सतत जाणारच असेल, घर अधूनमधून बंद राहत असेल, तर मला विचाराल तर चिकू बरा. जात कालीपत्तीच घ्या, डहाणू-घोलवडला तीच आहे आणि आमच्याकडेही छान आली. सांगलीची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून आम्ही तीन फुटांचा खड्डा घेऊन तळाशी मुरूम टाकला, वर माती आणि कुजलेलं शेणखत. रोप घेताना ते खिरणीच्या खुंटावरचं, म्हणजे चिकूच्याच कुळातल्या खिरणीच्या मुळांवर बांधलेलं, कलम असल्याची खात्री करा. आणि पहिली दोन-तीन वर्षं कलमाच्या जोडाच्या खाली लक्ष ठेवा. तिथे फुटवा दिसला तर तो खिरणीचा असतो, कोवळा असतानाच बोटाने मोडून टाका.