इन्फिनिटी मिरर किट: बोगदा खरंच अनंत आहे का?

लॅमिंग्टन रोडवर मिळणारं १२ व्होल्टचं किट: मागे आरसा, पुढे परावर्तक फिल्मची काच, मध्ये एलईडी पट्टी. दिव्यांचा खोल जाणारा बोगदा दिसायला अप्रतिम, पण अनंत नाही. आरसा ९० आणि फिल्म ५० टक्के प्रकाश परतवत असेल, तर दर फेरीला ४५ टक्केच उरतो. पाचव्या फेरीअखेर २ टक्क्यांहूनही कमी. कागदावर ही घटती श्रेणी कधीच शून्यावर थांबत नाही. पण खरा प्रकाश फोटॉनच्या सुट्या कणांत येतो, म्हणून तो संपतोच. खोलवरची हिरवट झाक काचेतल्या लोहाची. काचा समांतर नसल्या की बोगदा वाकतो, तेव्हा चारही कोपरे मोजूनच चिकटवा. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवा, बुडबुडे राहत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत आरशाच्या कडा काळवंडतात. तिथे चिकटवायला न्यूट्रल (आम्ल न सोडणारं) सिलिकॉनच वापरा, व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन आरशामागचा थर खातं. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी जरूर घ्या.