मुख्य विधान आरंभी की अखेरीस?

परिच्छेद बांधण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत: एकीत मुख्य विधान पहिल्याच वाक्यात येते आणि पुढची वाक्ये त्याला आधार पुरवतात, तर दुसरीत तपशील आधी येतात व विधान अखेरीस उलगडते. ठाण्याच्या रेल्वेचे उदाहरण घेऊ. ‘भारतातील प्रवासी रेल्वेचा इतिहास ठाण्याला वगळून लिहिता येत नाही’ असे आरंभी लिहिले, की पहिली प्रवासी गाडी धावल्याची १६ एप्रिल १८५३ ही तारीख, बोरीबंदर ते ठाणे हे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर, १४ डबे आणि ते ओढणारी तीन इंजिने हे सारे पुराव्यासारखे रांगेत उभे राहते. शिवाय मासुंदा तलावाकाठची संध्याकाळ मध्येच डोकावली (ठाणेकराच्या लेखनात ती डोकावतेच), तर ती विषयाबाहेरची आहे हे लगेच कळते. अर्ज, अहवाल आणि परीक्षेतील उत्तर यांसाठी मी हीच रीत निवडेन, कारण घाईतला वाचक दुसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

दुसरी रीत उत्सुकता वाढवते आणि ललित लेखनाला शोभते. मात्र तिच्यात ‘त्यामुळे’, ‘तरीही’, ‘याउलट’ अशा जोडशब्दांवर अधिक भार पडतो. ते निसटले, की इंजिने, डबे आणि अंतर यांची नुसती यादी उरते, आणि अखेरचे विधान त्या तपशिलांतून निघाल्यासारखे न वाटता वरून चिकटवल्यासारखे दिसते.